कापूस कुठी गेला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीजवळच्या एका शिवारात कापूस वेचणीचे चित्रीकरण चालले होते. दसरा होऊन गेला होता, वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली होती, पहिला वेचा लागला होता. दुपारचे बारा वाजलेले. कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या एका आजींवर माझा कॅमेरा होता. डोक्यावर पदर, पदराच्या सावलीत उन्हाने रापलेला चेहरा आणि बोटांत बोंडातून नुकताच ओढून घेतलेला कापूस. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर चेहरा मला काळवंडलेला दिसला, म्हणून मी अ‍ॅपर्चर उघडले. चेहरा उजळला. समाधानाने मी चार शॉट घेतले.

बाभळीच्या सावलीत बसल्यावर ते आजींना दाखवले. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड तं साजरं दिसून राह्यलं बाप्पा, पन कापूस कुठी गेला?"

कापूस खरेच नव्हता. त्याच्या जागी नुसता पांढरा डाग होता. धागा नाही, फुगीरपणा नाही, सरकीचा उंचवटा नाही. सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेलेला उजेड नंतर कुठल्याही संगणकावर परत आणता येत नाही. त्या बाईच्या वर्षभराच्या कष्टाची वस्तूच मी चित्रातून पुसून टाकली होती. तेव्हापासून कॅमेऱ्याला जोडायचा मॉनिटर निवडण्याकडे मी निव्वळ खरेदीची बाब म्हणून पाहत नाही.

चूक कशी झाली ते आधी सांगतो. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश साधारण १ लाख लक्स असतो. त्या उन्हातल्या पांढऱ्या कापसाची दीप्ती २५ हजार निट्सच्या (निट हे दीप्तीचे एकक) घरात जाते. कॅमेऱ्यांचे मागचे पडदे बहुधा काहीशे निट्सचे. त्यांच्या काचेवर आकाश, माझा पांढरा सदरा आणि माझ्या पाठीमागचे शेत यांचे प्रतिबिंब पडते, त्यात सावलीतले सगळे बुडून जाते. डोळा उन्हाला सरावलेला असतो, त्याला पडद्यावरचे चित्र अंधारे भासते आणि हात आपसूक अ‍ॅपर्चरकडे जातो. रात्री नेमके उलटे होते. आर्णीतल्या बाबा कंबलपोष यांच्या यात्रेत अंधारात उभे राहून तोच पडदा पाहिला, तर चित्र झगझगीत वाटते, आपण उजेड कमी करतो आणि घरी येऊन बघावे तर सगळीकडे काळोख. म्हणून दिवसा कितीही लागला तरी रात्री मॉनिटरचा उजेड उतरवायलाच हवा. पुष्कळ जण हे विसरतात.

पोरे मला विचारतात, "दादा, पाच इंची घेऊ का सात इंची? फोर-के आहे का?" माझे उत्तर एकच : आधी निट्स विचारा, मग मोजमापाची साधने. आपल्याकडच्या उन्हात १००० निट्स ही सुरुवात समजावी. अटोमॉसचा शिनोबी हा पाच इंची मॉनिटर तेवढ्याचा आहे आणि वजनाला जेमतेम २०० ग्रॅम. खांद्यावरच्या किंवा गिंबलवरच्या कामाला हलका पडतो. स्मॉलएचडीचा सिने ७ हा १८०० निट्सचा. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ६के प्रोचा स्वतःचाच पडदा १५०० निट्सचा आहे, तेव्हा तो कॅमेरा असेल तर दुसरा मॉनिटर खरेच हवा का, हेही एकदा विचारून पाहावे. फोर-केचा आग्रह मात्र सोडा. सात इंचांवर १९२० बाय १०८० पुरेसे होते. फोकससाठी चित्र मोठे करून पाहण्याची सोय आणि कडा रंगवून दाखवणारे पीकिंग असले की झाले.

मोजमापाच्या साधनांत माझा सर्वांत जास्त विश्वास फॉल्स कलरवर. उजेडाच्या प्रत्येक पातळीला तो ठरावीक रंग देतो. डोळा उन्हाने कितीही फसला तरी हिरवा हिरवाच दिसतो आणि मर्यादा ओलांडलेला भाग लाल होतो. त्या दुपारी तो चालू असता, तर आजींच्या बोटांत लाल गोळा दिसला असता आणि माझा हात थांबला असता. सोबत वेव्हफॉर्म असला तर उत्तम.

यात एक खाच आहे. लॉग या फिक्या चित्रपद्धतीत चित्रित करताना मॉनिटर आकडे लॉगचे दाखवतो की वर चढवलेल्या लटचे (रंग बसवणाऱ्या तक्त्याचे), हे आधी तपासा. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये मधला करडा ४१ टक्क्यांवर बसतो आणि ९० टक्के परावर्तनाचा पांढरा ६१ वर. हे आकडे पाठ असले तर शेतात निश्चिंत काम होते. लट चढवून तेच आकडे शोधाल तर घोळ होईल. डोळ्यासाठी लट, मोजण्यासाठी लॉग, अशी सोय ज्या मॉनिटरमध्ये आहे तो माझ्या लेखी चांगला.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची, आणि ती मला जिवाभावाची वाटते. चेहऱ्याचा उजेड ७० टक्क्यांवर ठेवायचा, म्हणजे "चेहऱ्यावर झेब्रा ७०", हा नियम आम्ही सगळे लग्नाच्या शूटिंगमध्ये शिकलो. तो गोऱ्या कातडीवरून आला आहे. कोडॅकच्या ज्या शर्ली कार्डांवरून प्रयोगशाळा रंग जुळवत, त्यांवरही दशकानुदशके गोऱ्या बायकाच होत्या. आमच्या शिवारातला माणूस ७० वर नेला की त्याचा रंग धुतला जातो, पाठीमागचे आकाश जाते आणि हातातला कापूसही जातो. नेहमीच्या रेक ७०९ चित्रात मी रापलेला चेहरा ४५ ते ५५ च्या दरम्यान ठेवतो. सावळेपणा ही चूक नाही, ती दुरुस्त करायची नसते. आजींचा चेहरा मला काळवंडलेला वाटला होता, पण तो होताच तसा, पदराच्या सावलीतला. फार तर खालून एक पांढरे कापड धरायला हवे होते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागवला आणि भांडवल देणाऱ्यांना दाखवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. तेव्हा फिल्म धुतल्याशिवाय काय उमटले ते कळत नसे. ते काम घरीच व्हायचे आणि सरस्वतीबाई त्यात सोबतीला असायच्या. आपल्याला मात्र चूक त्याच क्षणी दिसू शकते. कॅमेऱ्याला व्हिडिओ जोडून शॉट तिथल्या तिथे पाहण्याची रीत अमेरिकी नट-दिग्दर्शक जेरी लुईस यांनी १९६० च्या 'द बेलबॉय'मध्ये वापरली. एवढी सोय हाताशी असताना माझ्याकडून कापूस गेला, हे मला फार लागले.

आता तारांविषयी, कारण शेतात मॉनिटर बंद पडतो तो बहुधा तारेमुळे. मायक्रो एचडीएमआयचे तोंड नाजूक असते. कपाशीच्या फांदीत वायर अडकली की संपले. वायर कॅमेऱ्याच्या केजला क्लॅम्पने आवळून घ्या. एसडीआय असेल तर ती फिरवून पक्की बसते, पण तिथे क्रम पाळा : जोडताना आधी वीज, मग एसडीआय, काढताना आधी एसडीआय, मग वीज. दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर असताना हा क्रम चुकला, तर विजेचा परतीचा प्रवाह एसडीआयच्या वायरीतून वाहून आतली चिप जळू शकते. बॅटरी एनपी-एफ जातीची घ्यावी, आर्णीतही लग्नवाल्या दोस्ताकडून उसनी मिळते. बिनतारी जोडणीत चित्र किंचित उशिरा पोचते, तेव्हा फोकस ओढणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

आणि ऊन. बऱ्याच यंत्रांच्या कागदावर ४० अंशांची मर्यादा असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. दोन शॉटच्या मधे मॉनिटरवर ओला नको, कोरडा पांढरा पंचा टाका. पोलराइज्ड गॉगल लावून मॉनिटर पाहू नका, ठरावीक कोनात पडदा काळा पडतो.

यंदा त्याच आजींच्या शेतात पुन्हा जायचे ठरले आहे. सात इंची मॉनिटर नागपूरहून भाड्याने सांगून ठेवला, हूड आर्णीतल्या शिंप्याकडून काळ्या मांजरपाटाचा शिवून घेतला. पाच इंची मॉनिटर आजींच्या बाजूला, बांधावर लावणार आहे. शॉट झाला की त्यांनाच विचारीन.