न उठलेला तळ
बेळगावच्या पूर्वेस सांबरा हे गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने या शिवारात धावपट्टी बांधली.

मराठीत तळ पडतो आणि उठतो. फौजेच्या मुक्कामाचा हा शब्द मुळातच तात्पुरता. युद्ध १९४५ साली संपले, ब्रिटिशही गेले. सांबऱ्याचा तळ मात्र उठला नाही. आज तेथे भारतीय हवाई दलाचे जवान प्रशिक्षण घेतात, प्रवासी विमानेही उतरतात.

आम्ही सीमावासी मात्र या विमानतळाला अजूनही नुसते ‘सांबरा’च म्हणतो. फलकावरील भाषा आमच्या हाती नाही. ज्या शिवारावर तो तळ पडला, त्या गावाचे नाव आमच्या जिभेवर आहे. ते तेथून उठू न देणे एवढे तरी आपल्याच हाती आहे.