भिंतीकडचे टोक

भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर या तीन शब्दांतला भेद एम.ए.च्या वर्गात समजावून देताना मी अनेक वर्षे एक दृष्टान्त वापरत आले. परदेशी जाताना आपण सोबत अडॅप्टर नेतो. तो प्लगचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. दाब बदलायचा तर ट्रान्स्फॉर्मर लागतो. अनुवाद म्हणजे अडॅप्टर, रूपांतर म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. दृष्टान्त विद्यार्थ्यांना आवडे, परीक्षेत उत्तरपत्रिकांतून तो माझ्याकडे परतही येई. २०२३ च्या ऑक्टोबरात हायडेलबर्गला जात्यावरच्या ओव्यांच्या अनुवादाविषयी बोलण्याचा योग आला, तेव्हा तेथेही मी तोच वापरला आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. दोनच दिवसांनी, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातील एका हॉटेलच्या खोलीत, तो दृष्टान्त माझ्यावर उलटला. त्याची ही हकीकत.

यजमान सोबत होते. त्यांना झोपेत श्वास थांबण्याचा विकार आहे. घसा सैल पडून वाट बुजते, श्वास दहा-वीस सेकंद, कधी अधिकही थांबतो, मग एखाद्या बुडणाऱ्या माणसाने डोके वर काढावे तसा धसका देऊन पुन्हा सुरू होतो. यावर उपाय म्हणून नाकावर मुखवटा लावून हवेचा सौम्य दाब देणारे एक यंत्र असते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये प्रथम जगापुढे मांडले. आमच्या घरी गेली सहा वर्षे ते उशाशी असते, आणि त्याच्या मंद घरघरीशिवाय आता मलाही झोप लागत नाही. परदेशी जायचे तर यंत्र आलेच, आणि यंत्र आले की प्लग आला.

अडॅप्टर आणायला मी पुण्यात तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने पाच-सहा नमुने काचेवर मांडले. मी विचारले, "जर्मनी आणि स्वित्झर्लंड, दोन्हीकडे चालेल ना?" तो म्हणाला, "मॅडम, युरोप म्हणजे एकच. हा घ्या, सगळीकडे चालतो. आणि यात अर्थिंग आहे बरं का. स्वस्तातल्यांत तिसऱ्या पिनेला भोक असतं, आत काहीच नसतं." नुसते भोक, आत अर्थ नाही! मराठीच्या प्राध्यापिकेने हे वाक्य ऐकून खूश न व्हावे तर काय करावे? त्या नादात, त्याचे पहिले वाक्य तपासून पाहण्याचे राहून गेले.

आपला तीन जाड गोल पिनांचा प्लग हा मूळचा इंग्रजांचा. ब्रिटनमध्ये १९३४ साली त्याचे प्रमाण ठरले आणि साम्राज्याबरोबर तो इकडे आला. पुढे ब्रिटनने नवे, चौकोनी पिनांचे आणि पोटात फ्यूज असलेले प्लग स्वीकारले. त्यांचे प्रमाण प्रसिद्ध झाले ते वर्ष १९४७. म्हणजे इंग्रज येथून गेले त्याच वर्षी त्यांनी आपल्या घरातलाही तो प्लग मोडीत काढण्यास प्रारंभ केला, आणि आपण मात्र तो आपला म्हणून सांभाळला. पुढे आपल्या मानक संस्थेने त्याला रीतसर भारतीय क्रमांकही दिला. वाङ्मयाच्या इतिहासात अशी उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

हायडेलबर्गला अडॅप्टरने चोख काम केले. जर्मन सॉकेट म्हणजे भिंतीत बसवलेली एक गोल वाटी. तिच्या कडांवर अर्थिंगच्या दोन पट्ट्या. अडॅप्टरचे गोल अंग त्या वाटीत नेमके बसले. एवढेच की आपला जड प्लग त्याला लावला की सारे लोंबकळू लागे. मी खाली दोन पुस्तके रचून त्याला टेकू दिला. माझे व्याख्यान झाले, रात्री यंत्र घरघरले, सारे यथास्थित पार पडले.

शनिवारी संध्याकाळी उशिरा आम्ही बाझलला उतरलो. खोलीतले सॉकेट पाहिले मात्र, माझ्या पोटात धस्स झाले. भिंतीत एक लहानशी षट्कोनी खोबण, तिच्यात तीन बारीक छिद्रे, मधले किंचित एका बाजूला सरकलेले. माझ्या अडॅप्टरचे गोल अंग त्या खोबणीत शिरणे शक्यच नव्हते. शिरले असते तरी उपयोग नव्हता, कारण त्याच्या पिना ४.८ मि.मी. जाडीच्या आणि ती छिद्रे ४ मि.मी.च्या पिनांसाठी केलेली. पाऊण मि.मी.चा फरक! दुकाने बंद झाली होती आणि दुसरा दिवस रविवारचा. यजमान शांतपणे म्हणाले, "अगं, एका रात्रीने काय होतंय? पूर्वी झोपतच होतो की." आणि कूस बदलून झोपलेही.

एका रात्रीने बहुधा काही होत नाही, हे डॉक्टरांनी मलाही सांगितलेले होते. पण अंधारात शेजारी पडून ऐकताना ते आठवत नाही. नवरा घोरायचा थांबावा म्हणून बायका देव पाण्यात ठेवतात. मला त्या रात्री घोरणे थांबल्याचीच भीती वाटत होती. ते थांबे, आणि मी मोजू लागे. बारा, तेरा, चौदा. मग धसका आणि पुन्हा सुरुवात. एकदा मी सव्वीसपर्यंत गेले आणि त्यांना हलवून जागे केले. "काय झालं?" "काही नाही, झोपा." असे तीनदा झाले. एक वाजता मी अंगावर शाल घेतली, यंत्राची पिशवी उचलली आणि खाली गेले.

रात्रपाळीवर एक तरुण होता. त्याने खणातून एक खोकेच काढले: पाहुणे विसरून गेलेले अडॅप्टर. अमेरिकन होते, इंग्रजी होते. आपल्या जाड तिसऱ्या पिनेला जागा देणारा एकही नव्हता. मी माझा प्लग दाखवला तेव्हा त्याने तो हातात घेऊन एखादे जुने नाणे पाहावे तसा उलटसुलट न्याहाळला. मग त्याने मी कल्पिली नव्हती अशी गोष्ट केली. प्लग सोडून तो वायरच्या मागे मागे गेला, यंत्राच्या ठोकळ्यापर्यंत पोचला, आणि तेथून वायर सरळ उपसून काढली. ती तेथून निघते हे सहा वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते. ठोकळ्यावरचा मजकूर त्याने वाचला: १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. मान हलवली. आपल्या टेबलावरच्या संगणकाचा पडदा बंद केला, त्याची वायर काढली आणि माझ्या हातात दिली. एक टोक माझ्या ठोकळ्यात तंतोतंत बसले. दुसरे टोक त्या षट्कोनी खोबणीसाठीच जन्मलेले होते.

वर येऊन मी मुखवटा त्यांच्या नाकावर बसवला. घरघर सुरू झाली. मग मी खुर्चीत बसून रडले, हे येथे लिहिण्यास हरकत नसावी.

झोप गेलेलीच होती. मनात दृष्टान्ताचा हिशेब सुरू झाला. बाझलपासून जवळच, ऱ्हाइनकाठी लाउफेनबुर्ग नावाचे गाव आहे. १९५८ साली फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांची वीजजाळी तेथे एकमेकांना जोडली गेली. तेव्हापासून वीज ही सीमा बिनदिक्कत ओलांडते. दाब तोच, कंपने तीच, एकाच तालात. अडते ते भिंतीशी. "युरोप म्हणजे एकच" म्हणणाऱ्या दुकानदारावर मी मनातल्या मनात रागावले होते. पण "पाश्चात्त्य साहित्यविचार" नावाची प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे कोण शिकवीत होते? अथेन्सपासून लंडनपर्यंत सारे एकाच अडॅप्टरवर चालते, असे मीच तर गृहीत धरले होते.

दुसरी गोष्ट त्या वायरीची. तिचे यंत्राकडचे टोक जवळजवळ साऱ्या जगात एकच आहे. त्याची मापे १९०६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची. भिंतीकडचे टोक मात्र ज्याचे त्याचे. आयोगाने १९८६ मध्ये भिंतीसाठीही एक जागतिक नमुना सुचवून पाहिला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी त्याच्या आधारे आपापले प्रमाण केले. बाकीचे जग आपल्या भिंतींशी इमान राखून राहिले. भिंती आधीच बांधून झालेल्या असतात, हेच त्याचे साधे कारण.

मी माझ्या ओव्यांचा इंग्रजी अनुवाद एकटीने केला होता. "माहेर" तसेच ठेवून पुढे कंसात आईवडिलांचे घर, "जाते" ठेवून कंसात दळण्याचा दगड. मला तो निष्ठावंतपणा वाटे. त्या रात्री मला ते कंस हायडेलबर्गच्या भिंतीवर लोंबकळणाऱ्या माझ्या अडॅप्टरसारखे दिसू लागले: जोडणी झालेली, वीजही वाहणारी, पण खाली पुस्तकांचा टेकू. व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारले होते, "या बाई दळताना गातात, की गाता यावे म्हणून दळतात?" मी तळटीप वाचण्यास सांगितले. तिला तळटीप नको होती; तिला ओवी ऐकू यायला हवी होती.

मग करायचे काय? यंत्राला हात लावायचा नाही, हे खरेच. ओवीतला श्वास बदलला तर उरले काय? पण भिंतीकडचे टोक आपल्या घरचेच असावे हा हट्ट मात्र सोडायला हवा. ते टोक त्या घरच्या माणसाकडून घ्यावे लागते, आणि त्यासाठी रात्री एक वाजता खाली जाऊन मदत मागावी लागते. एकटीने, कोशाच्या आधारे, ते जमत नाही. मला ते जमल्यासारखे वाटत होते, कारण वीज वाहत होती.

रविवारी सकाळी रेल्वे स्थानकातले एक दुकान उघडे सापडले. तेथे मी तशीच एक वायर विकत घेतली आणि त्या तरुणाची वायर परत केली. यजमानांना रात्रीचे काहीच आठवत नव्हते. झोप छान लागली, म्हणाले.

असो. व्याख्यान छापायला देताना तो दृष्टान्ताचा परिच्छेद मी काढून टाकला. ओव्यांचे काम पुन्हा आरंभले आहे, या वेळी जिची मायबोली इंग्रजी आहे अशा एका अनुवादिकेसोबत. चार ओव्यांना तीन महिने लागले. ती बाझलची वायर आमच्या पुण्याच्या घरी खणात पडून आहे. तिचे एक टोक उशाच्या यंत्राला अजूनही नेमके बसते. दुसरे या घरातल्या एकाही भिंतीत जात नाही.