मोजपट्टीखाली उभ्या राहणाऱ्या मुली

धनज परिसरात पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुलींविषयी जाणती माणसेही सहज म्हणून जातात, “त्यांना काय, अर्धेच धावायचे!” पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा, हे खरे. परंतु मैदानी चाचणीचे गुण दोघांनाही ५० पैकीच मिळतात, आणि ८०० मीटर अंतर जवळजवळ पूर्ण वेगाने कापावे लागते. वेगळा निकष म्हणजे सवलत, हे मला मान्य नाही.

मला काळजी वाटते ती उंचीची. पुरुषांसाठी किमान १६५ सेंटिमीटर, महिलांसाठी १५५. धाव सरावाने सुधारते, गोळाफेकीचे तंत्र शिकता येते. मुलींची उंची मात्र पाळी सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांत जवळजवळ थांबते. भरतीचे वय अठराव्या वर्षी सुरू होते. आईवडिलांची उंची आपल्या हाती नसते, ताट असते. ते आठवी-नववीत, खरे तर त्याआधीच, भरलेले असावे लागते. भरतीच्या वर्षी दूध-अंडी सुरू करणाऱ्या पालकांची मला कीव येते.

उपासाने कृश झालेल्या सिद्धार्थाने सुजातेची खीर स्वीकारली, ही कथा वसतिगृहात आम्ही दर वैशाख पौर्णिमेला ऐकत असू. तेथील पंगतीत मुलामुलींना सारखेच वाढले जाई. सुटीत घरी गेले, की भाकरीसोबतचे अंडे मुकाट्याने भावाच्या ताटात सरके.