विमा भिंतींचा, भावाचा नव्हे

नाशिकमध्ये फ्लॅट साठ लाखांना घेतला म्हणून विमाही साठ लाखांचा, हा हिशेब चुकतो. विम्यात जमिनीचा भाव धरत नाहीत. २०२१पासूनची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी चटई क्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणते. समजा, ८०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर १६ लाख. घरसामानाला त्याच्या २० टक्के आपोआप. ‘सोसायटीचा विमा आहेच की,’ असं कुणी म्हणेल. पण आदर्श उपविधींची सक्ती इमारतीच्या आग-भूकंपापुरती. २०१९मध्ये गोदावरीला आला तसा पूर त्या सक्तीत नाही, आपलं फ्रिज-कपाटही नाही. वरच्या मजल्याला पुराची भीती कमी, हे मान्य. आग मात्र मजला विचारत नाही. म्हणून आधी सोसायटीची पॉलिसी वाचावी, मग उणं राहिलेलं तेवढं स्वतः घ्यावं.