जुन्या वळणाच्या नव्या वस्तू

माळ्यावरची वेताची खुर्ची भंगारवाल्यास द्यावी आणि तशाच घाटाची नवी खुर्ची शहरातून चौपट दाम मोजून आणावी, असा उलटा व्यवहार हल्ली अनेक घरांत दृष्टीस पडतो. दुकानदारांनी या मालास 'रेट्रो' असे नाव दिले आहे. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मागे' एवढाच. आजोबांच्या काळचे घड्याळ, आजीच्या लुगड्याची चौकट, जुन्या वाड्याच्या भिंतीवरील निळी फरशी, या साऱ्यांच्या नव्या आवृत्त्या आज बाजारात मांडलेल्या आहेत आणि तरुण मंडळी त्या हौसेने घेत आहेत.

या हौसेस कोणी हसू नये. ज्यांचे बालपण एकसारख्या प्लास्टिकच्या वस्तूंत गेले, त्यांना माणसाच्या हाताची खूण असलेली एखादी वस्तू घरात असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न हौसेचा नाही. पैसे नेमके कशाचे मोजतो, हा आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न ठरले. शिवणकाम करून तिने पंधरा हजार रुपये बाजूस ठेवले होते. नव्या घरासाठी चार जुन्या धाटणीच्या वस्तू घ्याव्यात, असे तिच्या मनात होते. म्हणून चोर्ला घाटाच्या वाटेने आम्ही दोघे बेळगावहून गोव्यास उतरलो.

पहिल्याच दुकानात तिला एक खुर्ची आवडली. दुकानदार म्हणाला, "दीडशे वर्षांची आहे, मोठ्या घराण्यातून आली आहे. नऊ हजारांना देतो." माझे वडील सुतार होते, त्यांच्या हाताखाली माझे बालपण गेले. सवयीने मी खुर्ची उलटी केली. आतील स्क्रूंच्या डोक्यांवर अधिकाच्या चिन्हासारखी खाच होती. असले स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले. शिवाय जेथे ना हात लागतो ना पाय, तेथेही लाकूड सारखेच झिजलेले होते. वापराने झिजणारी खुर्ची हातांच्या टोकांशी झिजते, पुढच्या आडव्या दांडीवर झिजते. काचकागदाने झिजविलेली मात्र सर्वत्र झिजते.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, खुर्ची तर सुरेख होती. ती नवी आहे असे त्यांनी सरळ सांगितले असते, तर काय बिघडले असते?"

खरोखर काहीच बिघडले नसते! जुन्या घाटाची नवी वस्तू करणे हा प्रामाणिक उद्योग आहे. खोटे वय चिकटविणे ही फसवणूक आहे. येथे कायदाही ठाऊक असावा. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात. त्यांच्या विक्रीचा धंदा करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसास त्या परदेशी पाठविता येत नाहीत. तेव्हा कोणी दीडशे वर्षांची गोष्ट सांगू लागला, की परवाना दाखविण्यास नम्रपणे सांगावे. पुष्कळदा तेथेच वस्तूचे वय झपाट्याने कमी होते.

दुपारी आम्ही एका फरशी रंगविणाऱ्याच्या कारखान्यात गेलो. 'अझुलेजु' नावाची ही कला पोर्तुगालमध्ये बहरली आणि तेथून गोव्यात आली. शब्द मात्र मूळचा अरबी. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात झोर्झ कोलासो या चित्रकाराच्या १९३५ सालच्या फरशा भिंतीवर आहेत. पोर्तो शहरातील साँव बेंतू स्थानकाची भिंतचित्रेही त्याचीच. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीत घरांची नावे अशा फरशांवर लिहिलेली दिसतात.

कारागिराने आम्हांस सर्व कृती दाखविली. भाजलेल्या मातीच्या फरशीवर पांढऱ्या काचलेपाचा थर द्यावयाचा, त्यावर कुंचल्याने चित्र काढावयाचे आणि फरशी पुन्हा भट्टीत घालावयाची. कोबाल्टचा जो रंग लावताना काळपट करडा दिसतो, तो भट्टीतून निळाभोर होऊन बाहेर येतो. रंग काचलेपात विरघळून गेल्यामुळे ऊनपावसाने उडत नाही. बाजारात छापील कागद चिकटविलेल्या स्वस्त फरशाही मिळतात. त्या भिंगातून पाहिल्या, तर छपाईचे ठिपके दिसतात. कुंचल्याची रेघ मात्र कोठे दाट, कोठे विरळ असते. भाचीने आपल्या घराच्या नावाची फरशी सांगितली. ती नवी, ताजी होती आणि कोणीही तिला जुनी म्हटले नाही.

उरली साडी. गोव्यातील कुणबी व गावडा स्त्रिया खांद्यावर गाठ मारून जी लाल चौकड्यांची सुती साडी नेसत, तिचे माग जवळजवळ थांबले होते. वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) या गोमंतकीय वेषरचनाकाराने तिला पुन्हा लोकांपुढे आणले; 'मोडा गोवा' हा त्यांचा गोव्याच्या पेहरावावरील ग्रंथ २०१२ साली प्रसिद्ध झाला. आता मागणी वाढली, तशा छापील चौकड्याही निघाल्या. साडी उलटून पाहावी. विणलेल्या चौकडीचा रंग दोन्ही बाजूंस सारखा असतो. छापलेली मागून फिकी पडते. हातमागाची खात्री हवी असल्यास २००६पासून सुरू झालेली 'हँडलूम मार्क' ही खूण शोधावी. छापील साडी निम्म्या दामाने मिळत होती. परंतु भाचीचे म्हणणे असे पडले, की "माझ्या शिलाईचे कोणी निम्मे पैसे दिले, तर मला काय वाटेल?" यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही.

मुख्य गोष्ट हीच. जुन्या वळणाच्या वस्तूसाठी आपण जे अधिक मोजतो, ते कारागिराच्या हाती पडले, तर त्याचा मुलगा माग सोडून शहराची वाट धरणार नाही. ते केवळ दुकानाच्या झगमगाटास आणि खोट्या वंशावळीस गेले, तर घरात जुने दिसणारे एक लाकूड येते आणि कला जागच्या जागी मरते.

लग्नसराईची खरेदी पुढे असणाऱ्या कुटुंबांस म्हणूनच सुचवावेसे वाटते, की बाजारात जाण्यापूर्वी एकदा आपला माळा पाहावा. आमच्या माळ्यावर भाचीच्या पणजीची खुर्ची निघाली. लाकूड निकोप होते. केवळ वेताची बैठक फाटली होती. गावात वेत विणणारा एकच म्हातारा कारागीर उरला आहे. त्याने आठ दिवसांत बैठक विणून दिली आणि बाराशे रुपये घेतले. तो काम करीत असता शेजारचा एक मुलगा रोज येऊन बसे. शेवटच्या दोन ओळी म्हाताऱ्याने त्याच्याकडून विणवून घेतल्या.