चाचणीच्या आदल्या तासाला

चाचणीच्या आदल्या दिवशी दहावीच्या वर्गाला खुणा हव्या असतात. ‘सारखा’, ‘प्रमाणे’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा. गाइडांतही तेच असतं आणि बऱ्याचदा ते बरोबर ठरतं, पंचाईत तिथंच आहे. मग मी फळ्यावर लिहितो : ‘आईने सांगितल्याप्रमाणे त्याने दार लावले.’ अलंकार कोणता? पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत एकच गजर : उपमा! उपमेय कोणतं, असं विचारल्यावर मात्र वर्ग चिडीचूप.

म्हणून अलंकारांची उजळणी मी व्याख्यांपासून सुरू करत नाही. एकच वाक्य घेतो आणि ते मुलांनाच फिरवायला लावतो. सरांचा आवाज मेघगर्जनेसारखा आहे, ही उपमा. सरांचा आवाज म्हणजे जणू मेघगर्जनाच, ही उत्प्रेक्षा. मेघगर्जनेहूनही मोठा म्हटलं की उपमेय वरचढ, म्हणजे व्यतिरेक. हा आवाज नव्हे, ही मेघगर्जनाच, यात उपमेय चक्क नाकारलंय, अपन्हुती. तोवर मागून कुणीतरी म्हणतंच, ‘सरांचा आवाज सरांच्याच आवाजासारखा!’ वर्ग हसतो आणि अनन्वय आपोआप पाठ होतो. रूपक मी मुद्दाम उशिरा घेतो. तिथं आवाज आणि गर्जना एकच मानलेली असतात, आणि हे ‘जणू’ शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मुलांना पटत नाही.

वृत्तांना फार वेळ देत नाही. ‘यमाताराजभानसलगा’ म्हणून घ्यायचं, लघु-गुरूच्या खुणा करायच्या, चार य-गण आले की भुजंगप्रयात, बारा अक्षरं. हे हिशेबाचं काम आहे, सरावानं होतं.

अपठित उताऱ्याला मात्र पुन्हा पहिलाच प्रश्न लागतो : बोलणं कशाबद्दल चाललंय? मुलं आधी कृती वाचतात, मग तेवढे शब्द उताऱ्यात हुडकतात. चौकटी भरायला ही युक्ती चालते, आणि परीक्षेत वेळ वाचतो म्हणून मी ती मोडतही नाही. पण स्वमत आलं की पेन थांबतं, कारण उतारा डोळ्यांखालून गेलेला असतो, वाचलेला नसतो. तेव्हा मी उतारा झाकायला सांगतो आणि शेजारच्याला दोन वाक्यांत सांगा म्हणतो. पहिल्यांदा बहुतेकांना जमत नाही. पुन्हा वाचतात, या वेळी सावकाश.

रसग्रहणासाठी एकच मनाई आहे : ‘कवीने सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य लिहायचं नाही. ते कुठल्याही कवितेखाली बसतं. ओळीतला नेमका कोणता शब्द काढला तर कविता लंगडी होईल, तो शोधून तिथून सुरुवात करायची.