कॅमेरा कोणता घ्यावा?

गेल्या दिवाळीत डोंबिवलीस आमच्या घरी फटाक्यांपेक्षा वादच अधिक वाजले. धाकट्या चिरंजीवांस छायाचित्रणाचा नाद लागलेला. पुतणे कॅननचे अभिमानी, जावईबापू निकॉनचे, आणि सूनबाईंनी सोनीचा पक्ष उचललेला. अखेर तिघांपैकी एकाची सरशी होऊन कॅमेरा आला. ठाण्याच्या खाडीवरील रोहित पक्षी टिपावयाचे, म्हणून त्यासोबत ७०-३०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स घेतली. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स मात्र 'काय करावयाची?' म्हणून आम्हीच नाकारली. त्या अपराधाचे धनी आम्हीच.

महिन्याभरातच कल्याणहून आत्याबाईंचा निरोप आला. त्यांचा जुना वाडा पाडावयाचे ठरले होते. तत्पूर्वी माजघर व देवघर यांची छायाचित्रे काढून ठेवावी, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही मोठ्या तोऱ्याने गेलो. माजघर जेमतेम दहा फुटांचे. भिंतीस पाठ टेकूनही चौकटीत मावे तो आत्याबाईंचा चेहरा आणि मागची एक खुंटी! त्यातही काळोखामुळे चित्रे हललेली. शेवटी सूनबाईंच्या मोबाइलवर चार चित्रे घेतली. खोली दिसते, परंतु देवघरातल्या अंधारात आत्याबाईंचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा आला आहे. आज तो वाडा नाही.

तेव्हापासून कोणी सल्ला विचारल्यास आम्ही कंपनीचे नाव शेवटी सांगतो. आधी विचारतो, चित्र कशाचे काढणार? फडके रोडवरील पाडव्याच्या शोभायात्रेस १६-५० किंवा १८-५५ ची साधी लेन्स पुरते. लहान खोलीस तिचेच १६ किंवा १८ चे टोक हवे, आणि सोबत तिपाई. घरातील माणसांसाठी ३५ मिलिमीटरची एफ १.८ ही लेन्स घ्यावी. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक, एफ ५.६ च्या मानाने १.८ सुमारे दसपट प्रकाश आत घेते. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतील संवेदक बहुधा लहान असतो, म्हणून ३५ ची लेन्स निकॉन-सोनीवर सुमारे ५२ सारखी व कॅननवर ५६ सारखी दिसते. तिन्ही कंपन्यांत या बाबतीत फरक तो एवढाच.

खरा फरक आहे तो लेन्स बसविण्याच्या कडीत. ती सोयरीक एकदा जुळली की मोडणे महाग पडते. सोनीने आपली ई कडी २०१० साली काढली व पुढल्याच वर्षी तिचा तपशील इतर कारखानदारांस खुला केला. म्हणून तिच्यासाठी परक्या, स्वस्त लेन्स विपुल. निकॉन व कॅनन यांच्या नव्या कड्या २०१८ च्या. कॅननच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या स्वयंकेंद्री लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या. घरात वडिलांची जुनी लेन्स असेल, तर तीही पाहावी. कॅननच्या १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स जोडकडे लावून नव्या कॅमेऱ्यावर आपोआप केंद्र साधतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्स कॅमेऱ्यातील मोटारीवर चालत, त्यांचे केंद्र निकॉनच्या जोडकड्यावर मात्र हातानेच जुळवावे लागते.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून विल्यम्सन कॅमेरा आणला आणि त्यासमोर काय ठेविले? वाटाण्याच्या रोपाची कुंडी. काय दाखवावयाचे हे त्यांचे आधी ठरले होते. आमचे गाडे नेमके तेथेच उलटे चालले होते.

चिरंजीवांनी आता पैसे साठवून ३५ ची ती छोटी लेन्स आणली आहे. आत्याबाई हल्ली भाड्याच्या जागेत राहतात. तेथे देव एका फळीवर मांडले आहेत. येत्या रविवारी आम्ही सारे तिकडे जाणार. माजघर गेले ते गेले. पण फळीपुढे समई लावून बसलेल्या आत्याबाई अजून आहेत.